पद्मिनीचे ब्रेक काकांनी का बदलले

जमलेल्या सगळ्या मंडळींनो, काकांच्या विद्यार्थ्यांनो, शेजाऱ्यांनो, पाहुण्यांनो, आणि तिकडं खिडकीजवळ बसलेली माझी काकी,

तुम्ही कामधंदा सोडून आलात. मंडळाचं सभागृह भरलंय, बाहेरच्या पायऱ्यांवरही माणसं आहेत. काकांना एवढी माणसं एकदम बघून अवघडल्यासारखं झालं असतं. मलाही होतंय. मला सभेत बोलायची सवय नाही. काल घरी बोलून पाहिलं तर दुसऱ्याच वाक्याला कागद खाली ठेवला. ऐकू आलं नाही तर हात वर करा, मी पुन्हा सांगेन. काकांच्या, म्हणजे तुमच्या सरांच्या, वर्गात तशीच पद्धत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सई, सरांच्या धाकट्या भावाची मुलगी.

आधी एक चूक दुरुस्त करते. ती केल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही.

रक्षाविसर्जनाला नदीच्या घाटावर मला दोन शब्द बोलायला लावलं होतं. तेव्हा मी काकांच्या गाडीबद्दल बोलले. म्हणाले, की गाडीचे जुने ब्रेक खराब होते, म्हणून काकांनी ते काढून टाकले आणि नवे बसवले. काका जुन्याला उगाच धरून बसणारे नव्हते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते ऐकलं. काहींनी माना डोलावल्या.

ते बरोबर नव्हतं. जुने ब्रेक खराब नव्हते. तेव्हा मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. खरं काय ते मला घाटावरून घरी आल्यावर कळलं. काकीनं सांगितलं. आणि हे सभेत सांग, सगळ्यांसमोर सांग, असंही काकीच म्हणाली. म्हणून मी तिच्या परवानगीनं बोलतेय. काकी, मध्ये कुठं थांबवावंसं वाटलं तर थांबव.

ब्रेकचं सांगायचं तर गाडीचं सांगायला हवं.

ती गाडी म्हणजे पद्मिनी. गोल दिव्यांची, पुढं सलग बाकासारखी सीट असलेली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. ती काकीच्या माहेरची. शाहूवाडीकडं डोंगरात काकीच्या वडिलांची भाताची गिरण होती. त्यांनी गाडी हौसेनं घेतली होती. ते गेल्यावर गाडी गोठ्याशेजारी पिंजराच्या, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाच्या, ढिगाखाली गेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. काकीचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, ते एकदा काकांना म्हणाले, "घिऊन जावा पावणं. फकस्त एकदा चालवत आणून दावा. तिचं पाय वाड्यावस्तीला पुन्हा लागू देत."

काकांनी शब्द दिला. गाडी टेम्पोत घालून कळंब्याला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. चाकं काढली, विटांवर उभी केली. आणि पुढची कितीतरी वर्षं ती तशीच उभी राहिली, कारण काका शाळेत शिकवत होते, आणि सुट्टीत शिकवण्या घेत नव्हते तरी पोरं घरी यायचीच.

ती उभी गाडी म्हणजे माझी पहिली शाळा. हे मी शोभेसाठी म्हणत नाही. लहानपणी मला दमा होता. धूळ चालायची नाही, गर्दी चालायची नाही. पहिली काही वर्षं मी शाळेत गेलेच नाही. काका शाळेतून आले, चहा झाला, की म्हणायचे, "चला, बसा गाडीत." काका स्टिअरिंगवर. काकी शेजारी. मी मागं. सीटला पिंजराचा वास होता, आणि नवल म्हणजे त्या वासानं मला कधी धाप लागली नाही.

काका विचारायचे, "कुठं जायाचं?"

काकी म्हणायची, "शाहूवाडीला. आनि कुठं?"

मग आम्ही निघायचो. विटांवरच. काका स्टिअरिंग वळवायचे, तोंडानं इंजिन चालवायचे. काकी खिडकीबाहेर बघायची आणि रस्ता सांगायची. शेडच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे यायचे आणि दुपार कलेल तसे गाडीवरून मागं मागं सरकायचे. मी डोळे किलकिले केले की खरंच गाडी पुढं चाललीय असं वाटायचं. काकी सांगायची, आता पंचगंगेचा पूल. आता उसाची रानं. आता पन्हाळ्याचा फाटा मागं पडला. आता झाडी आली. आता बघ, हवा गार लागाय लागली. आणि हवा गार लागायची. मी शपथेवर सांगते, लागायची.

काकांनी पत्र्याच्या भिंतीवर खडूनं गावांची नावं लिहिली होती, रस्त्यातल्या पाट्यांसारखी. एकेक गाव आलं की मी ते वाचायचं. वाचता आलं नाही तर गाडी थांबायची. काका म्हणायचे, "ड्रायव्हरला गाव कळंना झालंय, पावणंबाई. बघा जरा कुठं आलो." मी अक्षरं लावायची, आणि अक्षर लागलं की गाडी सुटायची. मी वाचायला अशी शिकले. काकीच्या माहेरचा रस्ता वाचत.

पण पोचलो मात्र कधीच नाही. शेवटचा चढ आला की काही ना काही व्हायचं. दूध उतू जायचं. कुणीतरी हाक मारायचं. काकी म्हणायची, "आलंच की आता, ह्या वळणाम्होरं." आणि पदर खोचून उतरून जायची. काका हँडब्रेक ओढायचे, उभ्या गाडीचा, आणि म्हणायचे, "उरलेलं उद्या."

काका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात पाना हातात घेतला. ते विज्ञानाचे शिक्षक. मेकॅनिक नव्हते. त्यांनी खूप चुका केल्या, त्या सगळ्या मी जवळून बघितल्यात. एक स्प्रिंग उडून शेजाऱ्यांच्या तुळशीत पडली होती, आठवतंय का जाधवकाकू? त्यांना शिकवलं ते आप्पांनी. आप्पा म्हणजे काकांचे लहानपणापासूनचे मित्र. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. जुन्या गाड्यांचा त्यांना नाद. आप्पांचा एकच नियम होता: जसं हुतं तसं. रंग तोच, काच तीच, दरवाज्याची मूठ तीच. एका मुठीसाठी आप्पा सांगली, मिरज, बेळगाव सगळीकडचे भंगारवाले पालथे घालून आले. ती मिळाली तेव्हा खिशातून रुमालात गुंडाळून काढली. दागिना काढावा तशी.

आप्पा आज आलेत. मागच्या रांगेत दाराशी बसलेत. आप्पा, पुढचं मी मुख्यतः तुमच्यासाठी बोलतेय.

काकांची काम करायची एक रीत होती. गाडीचा जो भाग निघेल तो, निघाला त्या क्रमानं, शेडमध्ये अंथरलेल्या जुन्या वाकळेवर मांडायचा. डावीकडचं डावीकडं, उजवीकडचं उजवीकडं. वाकळेवर गाडी जणू पाठीवर झोपलेली असायची, हातपाय पसरून. मी म्हणायची, काका, आपण चिठ्ठ्या लावूया, लिहून ठेवूया. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. काका म्हणायचे, "कशाला? वाकळ बघितली की कळतंय."

आणि मग खंडेनवमी आली.

आपल्याकडं खंडेनवमीला काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. घरातलं विळा-कोयत्यापासून सायकलीपर्यंत, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुऊन पुसून पुजायचं. त्या दिवशी काका सकाळी उद्यमनगरात गेले होते. काकी शेडमध्ये गेली. तिला लहानपणीची खंडेनवमी आठवली असणार. तिचे वडील त्या दिवशी ही गाडी स्वतःच्या हातानं धुवायचे, झेंडूचा हार घालायचे. आता गाडीच सुटी झालेली. मग काकीनं सुट्या गाडीची पूजा केली. वाकळेवरचा एकेक भाग उचलला, न्हाणीत नेला, चिंच लावून घासला, पाण्यानं धुतला, उन्हात वाळवला. प्रत्येकाला हळदकुंकू. प्रत्येकावर एक फूल. वाकळही झटकली. आणि सगळं पुन्हा छान मांडून ठेवलं. छान म्हणजे कसं? शाळेच्या फोटोत मांडतात तसं. मोठे मागं, लहान पुढं. सारखे सारखे एकमेकांशेजारी.

काका आले आणि शेडच्या दारात उभे राहिले. मी त्यांच्या मागं होते. मला वाटलं, आता काका ओरडतील. त्यांनी बराच वेळ वाकळेकडं बघितलं. मग चपला काढल्या. आत जाऊन हात जोडले. आणि काकीला विचारलं, "नैवेद्याला काय केलंयस?"

बस्स. एवढंच.

पुढं गाडी जोडताना जे कळत होतं ते कळलं, जे कळत नव्हतं ते आप्पांनी ओळखून दिलं. फक्त ब्रेक काकांनी एकट्यानं जोडले. त्या दिवसांत आप्पांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ब्रेकमध्ये दोन्हीकडचे भाग दिसायला अगदी जुळे असतात. पण इतक्या वर्षांत डावीकडचे डाव्या चाकाला घासून घासून त्याच्या अंगाचे झालेले असतात, आणि उजवीकडचे उजव्याच्या. इकडचे तिकडं केले तर बसतात नीट, पण धरत नाहीत नीट.

गाडी उभी राहिली. दुधी रंगाची, जशी होती तशी. चालू झाली, कागदपत्रं झाली. सपाटीला, हळू चालवताना काही कळलं नाही. आणि एका सकाळी काका म्हणाले, "चला, बसा गाडीत." तसंच. काका स्टिअरिंगवर, काकी शेजारी, मी मागं. मी आता नोकरी करणारी बाई, पण मागच्या सीटवर बसल्याबरोबर मला भिंतीवरची खडूची नावं दिसायला लागली. फक्त या वेळी झाडं खरोखर मागं जात होती. काकीला रस्ता सांगायची गरज नव्हती. तिनं हात खिडकीबाहेर काढून वाऱ्यात धरला होता.

कळंबा तलावाकडच्या उताराला समोर शेरडं आली. काकांनी ब्रेक दाबला. आणि गाडी थांबायच्या ऐवजी आपल्या मनानं डावीकडं वळली, रस्ता सोडून चरीत उतरली आणि बाभळीला टेकून उभी राहिली. कुणाला लागलं नाही. शेरडांनाही नाही. शेरडं राखणारे म्हातारबाबा शांतपणे जवळ आले, आत डोकावले आणि म्हणाले, "पावणं, इकडनं रस्ता न्हाय."

मी हसले. घाबरून हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा काकीकडं बघितलं. काकी खाली उतरली. चाकाकडं बघितलं, काकांच्या तोंडाकडं बघितलं, आणि एक शब्द न बोलता घराकडं चालायला लागली. तिचे गुडघे दुखतात. तरी चालत गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी चाकं खोलली, आत बघितलं आणि पुन्हा लावली. आप्पांना बोलावलं आणि सांगितलं, की हे ब्रेक आता काढायचे, पुढच्या चाकांना नव्या गाडीसारखे डिस्क ब्रेक बसवायचे. सीटला पट्टे लावायचे. दिवे उजेड देतील असं बघायचं. आप्पांना धक्का बसला. शेडमध्ये मी होते, म्हणून मला ते बोलणं पाठ आहे.

आप्पा म्हणाले, "ब्रेकला काय झालंय? आदलाबदल झाली आसंल. खोल, बघू."

काका म्हणाले, "न्हाय झाली."

"मग वढती कशी?"

"जुनी हाय. वढती."

आप्पा म्हणाले, "जन्मभर पोरांस्नी सांगितलंस, आधी कारण शोधा. आनि सोता काय म्हणतोयस? जुनी हाय म्हणून वढती? मास्तर हायस का कोण तू?"

काकांनी पाना पुसून ठेवला. आप्पांनी टेबलावरची आपली टोपी उचलली. जाताना त्या दरवाज्याच्या मुठीवरून एकदा हात फिरवला, म्हणाले, "तुझ्या नव्या ब्रेकवर मी पाय ठिवणार न्हाय." त्यानंतर आप्पा शेडमध्ये आले नाहीत. रस्त्यात भेटले तर बोलायचे, पण पाऊसपाण्याचं. काकांना ते फार लागलं होतं. चहा करताना कितीतरी दिवस ते चुकून एक कप जास्त ठेवायचे.

मी तेव्हा काकांची बाजू घेतली. मला खरंच वाटलं, जुनं ते जुनंच. घाटावर मी तेच बोलले.

आता काकी काय म्हणाली ते सांगते.

घाटावरून आलो. पाहुणे पांगले. दुपारी काकीनं मला शेडमध्ये नेलं. ती गाडीत पुढं बसली, आपल्या जागेवर. मला मागं बसवलं. समोरच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "ब्रेक चांगलं हुतं गं. मीच इकडचं तिकडं केलं. पूजेच्या दिशी."

मी म्हटलं, तुला कसं कळलं?

"त्या दिशी चाकाकडं बघितलं, आनि ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. कळलं."

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस?

काकी म्हणाली, "त्यांनी मला वाचवायचं ठरीवलं हुतं. मी बोलले आसते तर त्यांचं वाचवणं वाया गेलं नसतं व्हय?"

मंडळी, मी थोडं पाणी पिते.

दोघं एकाच घरात, एकाच ताटात चटणी-भाकरी खात होती. काकांना माहीत होतं, की हिच्या हातून झालं. तिला माहीत होतं, की यांना माहीत आहे. आणि दोघांनी एकमेकांसाठी तोंड बंद ठेवलं. पूजेला चूक म्हणायचं नाही म्हणून काकांनी ब्रेकनाच खराब ठरवलं. जन्माच्या मित्राकडून मास्तर हायस का कोण ऐकून घेतलं. ज्या माणसानं वर्गात आपली एका मार्काची चूकही पोरांना मोकळेपणानं सांगितली, त्या माणसानं हे एक खोटं उचललं आणि शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही.

काकी मला म्हणाली, "आप्पांचं बोलणं ह्यांनी खाल्लं. आता हे न्हाईत. आता मला सांगितलं पायजे. माझ्या तोंडनं निघायचं न्हाय, तू सांग."

आप्पा, तुमचं बरोबर होतं. आदलाबदल झाली होती.

एक गोष्ट राहिली, ती सांगते, नाहीतर पुन्हा माझ्या हातून अर्धवट सांगितलं जाईल. काकांना ते भाग गुपचूप पुन्हा जागच्या जागी बसवता आले असते. कुणाला कळलंही नसतं. तसं त्यांनी केलं नाही. का? मला वाटतं, त्या बाभळीपाशी ते फार घाबरले होते. शेजारी काकी होती, आणि गाडी त्यांच्या पायाला ऐकत नव्हती. त्या उतारापेक्षा शाहूवाडीचा घाट किती मोठा. तेव्हा नवे ब्रेक नुसती सबब नसावी. दोन्ही असेल. मला नक्की माहीत नाही, आणि आता विचारायला माणूस नाही.

पुढचं काम आम्ही दोघांनी केलं. काका आणि मी. मी भित्री आहे. गॅस बंद केला का ते बघायला मी जिन्यातून परत वर जाते. घरात सगळे हसतात. काका हसायचे नाहीत. आवळलेला प्रत्येक बोल्ट ते मला तपासायला लावायचे. एकदा मी म्हटलं, मला भीती वाटते हो काका, माझ्याकडून काही राहिलं तर? ते म्हणाले, "वाटू दे की. न भिणाऱ्याच्या हातात ब्रेकचं काम देऊ नये." मग संध्याकाळी मला स्टिअरिंगवर बसवायचे, स्वतः मागं बसायचे. गाडी पुन्हा विटांवर होती. क्लच, गिअर, हळू. "आता वळण आलं. समोरनं यस्टी येतीया. हॉर्न दे." मी उभ्या गाडीतून तो घाट इतक्यांदा चढलेय, की मला त्याची वळणं स्वप्नातसुद्धा उजवी-डावी बरोबर येतात. स्वप्नात काकांचा आवाज मागून येतो. मी आरशात बघते, तर आरशात नुसती झाडी असते, हिरवी, आणि मागं जाणारा रस्ता.

काका गेले त्या दिवशी आम्ही ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढत होतो. नळीत तेलाबरोबर हवा राहिली तर ब्रेक लागत नाही, म्हणून ती काढायची. एका माणसाचं काम नाही ते. एकानं आत बसून पायानं दाबायचं, एकानं चाकापाशी नळी सोडायची. चाकापाशी मी. आत काका. मी म्हणायची, दाबा. ते म्हणायचे, दाबला. मी म्हणायची, धरा. ते म्हणायचे, धरला. मी नळी सोडायची, बुडबुडे यायचे, मी नळी आवळायची. सोडा. सोडला. आमची तशी ताल धरल्यासारखी लय लागली होती. पुढचं डावं चाक तेवढं राहिलं. काका म्हणाले, जरा चहा घेऊ. बाहेर खुर्चीत बसले. काकी चहा घेऊन आली, तर ते बसूनच होते, आणि नव्हते.

राहिलंय ते एवढं. एक चाक.

आता आज काय अडलंय ते सांगते. कारण तुम्ही विचारणार, आणि विचारताही आहात, की गाडीचं काय करणार.

आपल्यात उत्तरकार्य झालं, की माहेरचं माणूस येतं आणि बाईला चार दिवस माहेरी नेतं. तिचा दुखवटा माहेरच्या उंबऱ्यात काढतात. काकीला न्यायला आण्णांनी यायचं. पण आण्णा आता खाटेवरून उठत नाहीत. परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, "मला येता येत न्हाय बाई. तूच ये. आनि लवकर ये." आणखी काही म्हणाले नाहीत. पण आवाज किती खोल गेलाय ते सगळ्यांनी ऐकलं.

माझे बाबा म्हणाले, वहिनी, चांगली मोठी गाडी भाड्यानं करू, आरामात जाल. बाबांचं काही चुकलं नाही. काळजीनंच म्हणाले. गाडीला एक गिऱ्हाईकही आलंय, तेही त्यांनी सांगितलं. काकी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "भाड्याच्या गाडीतनं गेले तर आण्णा पयल्यांदा काय इचारंल? ह्यांनी शब्द दिलता. ते न्हाईत म्हणून शब्द बी न्हाई व्हय?"

काकीनं माझ्याकडं बघितलं नाही. मला ने म्हटलं तर मी नेईन, आणि भीत भीत नेईन, हे तिला माहीत होतं, म्हणून ती ने म्हणाली नाही. पण घरात गाडी चालवता येणारी, त्या गाडीचा प्रत्येक बोल्ट तपासलेली, मीच आहे. आज सकाळी बाबांनी मला विचारलं, "तू नेशील?" मी म्हटलं, नेईन. "कवा?" मी म्हटलं, बघूया. गेले काही दिवस मी प्रत्येक गोष्टीला बघूया म्हणतेय. बघूया म्हणता म्हणता आण्णा राहणार नाहीत, हे मला कळतं. तरी जीभ पुढं जात नाही. कारण एकदा दिवस सांगितला, की तो येतो.

आप्पा, उद्या सोमवार. तुमचं वर्कशॉप उद्या बंद असतं. त्या नव्या ब्रेकवर तुम्ही पाय ठेवणार नाही, असं त्या वेळी म्हणाला होता. तुम्हाला ते ब्रेक अजूनही आवडले नाहीत तरी चालेल. पण उद्या सकाळी शेडमध्ये याल का? तुम्ही आत बसून दाबायचं, मी चाकापाशी बसेन. मग त्याच उताराला मी गाडी एकटी नेईन आणि ब्रेक दाबून बघेन, सरळ थांबते का. थांबली नाही तर पुन्हा खोलू, परवा पुन्हा बघू. तुम्ही उतारावर उभे राहा आणि मला खरं सांगा. आत्ता उत्तर दिलं नाही तरी चालेल.

ते मान हलवतायत. मला इथून नीट दिसत नाही. जाधवकाकू, होकारार्थी हलवतायत ना?

बरं.

आता आपण उभे राहूया. मला काकांबद्दल मोठे शब्द येत नाहीत. तुम्ही डोळे मिटा, आणि तुम्हाला त्यांनी जे काही शिकवलं असेल, गणित, हवेचा दाब, पोहायला, सायकलीचं पंक्चर काढायला, ते मनातल्या मनात एकदा म्हणून बघा. कुणी मोजू नका. ज्याचं म्हणून होईल त्यानं डोळे उघडावेत. शेवटच्या माणसाचे उघडेपर्यंत आपण थांबू.

त्याआधी एवढंच. काका, नमस्कार करते. तुमचं खोटं आज मी खाली ठेवलं, रागावू नका. काकी, दोन साड्या आणि तुझं औषध पिशवीत भर. आण्णांना आजच फोन करून सांग, सई घेऊन येतीय म्हणून. त्यांनी दिवस विचारला तर ठाम सांग. येत्या बुधवारी.